लेन्स बसते का बघा

माझ्या सासऱ्यांनी माझ्या आईची लेन्स लेथवर चढवून मागून कापली, कापलेली कड आरशासारखी पॉलिश केली आणि डबीत घालून तिला परत आणून दिली. दिली तेव्हा आम्ही सगळे आईकडेच होतो. मी, माझा नवरा, सासूबाई आणि अप्पा, म्हणजे माझे वडील. टेबलावर चहा होता. सासऱ्यांनी डबी आईपुढे सरकवली आणि मुलाचा पहिला नंबर आल्याचं सांगावं तशा आवाजात म्हणाले, "बसली, विहीणबाई!"

आईने हसतच डबी उघडली. लेन्स हातात घेतली, मागचं झाकण फिरवून काढलं आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

"हे काय?"

"शेपूट अडत होतं," सासरे म्हणाले. "जरासंच. तुम्ही म्हणाला होतात तसं, आतल्या काचेला टेकत होतं. तेवढं उडवलं. नुसती कड होती हो, काचेला धक्का लावला नाही. फिनिश बघा, फिनिश!"

"मी म्हणाले होते, अडली की थांबा."

"थांबलोच की! जबरदस्ती केलीच नाही. काढली, व्हर्निअरने माप घेतलं, आणि मग कापली."

"मला फोन का नाही केलात?"

"एवढ्याशा गोष्टीसाठी?" सासरे हसले. दुसरं कोणी हसलं नाही. मग त्यांनाही ते जाणवलं असावं, कारण जरा सावरून ते म्हणाले, "तुम्हीच सांगितलं होतंत ना, बसते का बघा म्हणून?"

"बघा म्हणाले होते," आई म्हणाली. "बसवा नाही म्हणाले."

ती उठली, खिडकीशी गेली, भिंग घेऊन लेन्सची मागची काच बराच वेळ निरखत राहिली. "ओरखडा आहे," ती म्हणाली. सासरे म्हणाले, कुठे, मला तर दिसत नाही. आई म्हणाली, "तुम्हाला दिसत नाही." मग तिने लेन्स कपाटात ठेवली, परत आली आणि टेबलावरचे कप उचलायला लागली. अर्धे भरलेले कप. सासऱ्यांचा तर त्यांनी नुकताच तोंडाला लावून खाली ठेवला होता, तोही तिने उचलला. पाहुण्यांना उठवायची ही पद्धत मी आईची पहिल्यांदाच पाहिली.

ही लेन्स म्हणजे काय हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझी आई मेडिकल कॉलेजच्या फिल्म विभागात कॅमेरा चालवायची. मुलांना शिकवायला म्हणून ऑपरेशनच्या फिल्म काढायच्या, तो तिचा विभाग. टेबलाभोवती पाच-सहा डॉक्टर दाटीवाटीने उभे, त्यांच्या खांद्यांमधून जेवढी फट मिळेल तेवढ्यातून हिने कॅमेरा घालायचा. त्यासाठी अगदी जवळून धरली तरी सगळं दृश्य पोटात घेणारी रुंद लेन्स लागायची, ती ही. पुढून आवळ्याएवढी, पण मागून लांब. आट्यांच्या मागे तिचं एक शेपूट होतं, ते कॅमेऱ्याच्या आत खोल जायचं. विभाग बंद झाला तेव्हा साहेबांनी आईला विचारलं, निरोपाला काय देऊ. तिने ही लेन्स मागितली. ती तिच्या स्वतःच्या जुन्या कॅमेऱ्याला बरोबर बसायची, कारण त्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे मोकळी जागा आहे. दृश्य बघायला बाजूला वेगळी खिडकी असते, लेन्समधून काही दिसत नाही.

निवृत्त झाल्यापासून आई काम करणाऱ्यांचे हात चित्रित करते. चप्पल शिवणारे, घड्याळं दुरुस्त करणारे, पाव मळणारे. वर्षाला दोन-तीन रिळं, जास्त नाही. घरात कोणाला त्यातलं फारसं कळत नाही. अप्पा कौतुकाने मान हलवतात आणि शब्दकोड्याकडे वळतात. मी फिजिओथेरपिस्ट, लोकांचे गुडघे वाकवते. मला हातांमधलं हाडन् हाड ठाऊक, पण कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नाही.

त्यामुळे सासऱ्यांनी बंद होणाऱ्या एका फोटो स्टुडिओतून सोळा मिलिमीटरचा जुना चावीचा कॅमेरा उचलून आणला, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आईला झाला होता. सासऱ्यांचं सगळं आयुष्य कारखान्याच्या टूलरूममध्ये गेलं. घरामागच्या शेडमध्ये त्यांचा स्वतःचा लेथ आहे, भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेल्या कानशी आहेत. माणूस हाताचा पक्का. आई-अप्पा आमच्याकडे जेवायला आले की आई आणि सासरे फिल्मच्या वेगावर आणि स्प्रिंगच्या ताकदीवर बोलत बसायचे आणि वाढलेलं गार व्हायचं. आई मला म्हणाली होती, "तुझ्या लग्नात मला जावई मिळाला तो मिळाला, पण कॅमेऱ्यावर बोलायला माणूस मिळाला हे जास्त."

अशाच एका रविवारी सासरे म्हणाले, "विहीणबाई, तुमची ती रुंद लेन्स माझ्या कॅमेऱ्याला बसते का बघू या का? आटे एकच आहेत."

"आटे एकच असले की बाटलीला झाकण बसतं, व्याहीबुवा," आई म्हणाली. "लेन्सला तेवढं पुरत नाही." मग तिने ग्लास आणि चमचा घेऊन तिथल्या तिथे दाखवलं. मी समोर बसले होते, एकेक शब्द मी ऐकला आहे. "तुमचा कॅमेरा लेन्समधूनच दृश्य दाखवणारा आहे. म्हणजे आट्यांच्या मागे लगेच प्रिझम, काचेचा जाड ठोकळा. हिचं शेपूट त्याला टेकलं तर फुटेल, तुमची तरी काच किंवा माझी तरी. म्हणून आधी आतली खोली मोजा, मग शेपूट मोजा. जागा असेल असं वाटलं तरच टोकाला कागदाची चकती चिकटवून हलक्या हाताने फिरवा. अडली की थांबायचं. आणि समजा आत गेली, तरी खूश होऊ नका. उजेड त्या ठोकळ्यातून जाऊन फिल्मवर पडणार. तुमच्या कॅमेऱ्याच्या लेन्स ते धरूनच घडवलेल्या असतात, ही तशी नाही. उजेडाचं भोक, अ‍ॅपर्चर, पूर्ण उघडलंत की चित्र धूसर येणार."

"अहो, मी आयुष्यभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात काम केलंय," सासरे म्हणाले होते.

"म्हणून तर देतेय," आई म्हणाली होती.

तर ती लेन्स अशी परत आली.

त्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या माझ्या नवऱ्याने सुरुवात केली. "आईंना जरा समजाव. बाबांनी मुद्दाम नाही केलं." मागच्या सीटवर सासरे खिडकीबाहेर बघत होते. सासूबाई पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होत्या. घरी पोचल्यावर मी आईला फोन केला आणि खरोखरच म्हणाले, "आई, जाऊ दे ना. मनाला लावून घेऊ नकोस."

"तू लोकांचे पाय वाकवतेस," आई म्हणाली. "आधी विचारतेस ना, दुखतंय का म्हणून?"

"विचारते."

"का विचारतेस? तुला तर सगळं माहीत असतं."

मी म्हणाले, अगं, पण नातं नाजूक आहे. ती म्हणाली, "लेन्स पण नाजूक होती," आणि फोन ठेवला.

नंतर आईला कोणाकोणाचे फोन आले म्हणून सांगू! माझ्या मामाचा, चुलत नणंदेचा, सासऱ्यांच्या धाकट्या भावाचा. सगळ्यांचं एकच पालुपद. चांगल्या हेतूने केलं. वस्तूच तर आहे. मुलीचं सासर आहे, आपणच पडतं घ्यावं. आणि सगळ्यात मला झोंबलं ते चुलत सासऱ्यांचं वाक्य, "वडीलधाऱ्या माणसाला असं तोंडावर बोलू नये." माझी आई माझ्या सासऱ्यांपेक्षा जेमतेम वर्षाने लहान असेल. तिचे केस त्यांच्यापेक्षा जास्त पांढरे आहेत. तिच्या वडीलधारेपणाची आठवण एकालाही झाली नाही. फोन सगळे तिलाच. माझ्या सासऱ्यांना कोणी फोन करून म्हणालं नाही की बाबा रे, तू काय केलंस?

उलट सासरे मजेत होते. त्यांनी लेन्स परत करण्याआधी तिचा कॅमेऱ्यावर चढवलेला फोटो काढून ठेवला होता. तो त्यांनी घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "अखेर बसवलीच!" धडाधड अंगठे आले. कोणीतरी लिहिलं, "हाताला सोनं लावा काकांच्या." माझी आईही त्या ग्रुपवर आहे, हे सासरे विसरले होते की त्यांना त्याचं काही वाटलंच नव्हतं, देव जाणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती त्या अंगठ्यांमुळे. एक अंगठा माझ्या नवऱ्याचा होता.

"तू पण?" मी त्याला विचारलं.

"अगं, पाहिलं आणि दाबलं. सवयीने."

संध्याकाळी त्याच फोटोखाली आईचा निरोप आला. "बसली असेल तर रीळ घालून बघू. रविवारी येते."

रविवारी ती आली. लेन्स, प्रकाश मोजायचं मीटर, मोजपट्टी आणि फिल्मचं एक नवं रीळ घेऊन. तिच्याबरोबर अप्पा, युद्धाला निघालेल्या राणीच्या मागे खजिनदार चालावा तसे. सासऱ्यांनी तोंडभर स्वागत केलं. त्यांना वाटलं, आली समेटाला.

शेडमध्ये जाऊन आईने आधी काय केलं असेल तर जेवणाच्या टेबलावर सांगितलेलं सगळं पुन्हा नीट करून दाखवलं. कॅमेऱ्याच्या तोंडात मोजपट्टी हळूच सोडून खोली मोजली. लेन्सच्या उरलेल्या शेपटाचं माप घेतलं. कागदाची चकती लावली, दोन बोटांनी फिरवली, परत काढून चकतीवर डाग पडलाय का ते उजेडात धरून पाहिलं. सासरे मान हलवत होते. "बघा, आता टेकत नाही," ते म्हणाले.

"नाही टेकत," आई म्हणाली. "आता लेथ सुरू करा. तुमचे हात घ्यायचे आहेत."

खिडकीतून ऊन येत होतं, पण शेडमध्ये अंधारच जास्त, त्यामुळे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडावं लागलं. आईने सासऱ्यांना बोलावून व्ह्यूफाइंडरमधून बघायला लावलं. "स्वच्छ दिसतंय?"

"एकदम."

"त्या बारक्या मिणमिणत्या चौकटीत सगळंच बरं दिसतं. पण लक्षात ठेवा, तुम्ही एकदम म्हणालात."

तिने चावी भरली आणि अर्धं रीळ आपल्या लेन्सवर काढलं. मग लेन्स बदलली. कॅमेऱ्याबरोबर आलेली, त्याच्याचसाठी घडवलेली लेन्स लावली आणि तेच हात, तोच लेथ, तीच खिडकी, तितकंच उघडलेलं अ‍ॅपर्चर ठेवून उरलेलं अर्धं काढलं. सासरे मनापासून काम करत होते. कॅमेरा आपल्याकडे वळला की माणूस कसा ताठ होतो तसे ते ताठ झाले होते.

मी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले तर सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "खूप खराब झाली का गं ती?"

"आई म्हणते, मागच्या काचेला ओरखडा आहे. आणि आतून सगळं काळं असायला हवं, तिथे बाबांनी चकचकीत करून ठेवलंय."

त्यांनी हात पदराला पुसले. मग खिडकीखालच्या शिवणयंत्राकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे माझं पायाचं होतं. मी माहेरून आणलेलं. एकदा मी बहिणीकडे गेले आणि आले तर ह्यांनी पायडल काढून मोटार बसवली होती. सगळे म्हणाले, नशीबवान आहेस. मला त्या मोटारीची भीती वाटते. पाय ठेवला की सुसाट पळतं. तेव्हापासून मी शिवत नाही."

"तुम्ही सांगितलं नाहीत त्यांना?"

"काय सांगणार? इतक्या हौसेने केलं होतं."

मला त्या क्षणी सासऱ्यांपेक्षाही सासूबाईंचा राग आला, आणि लगेच त्यांची कीव आली. ते यंत्र मी सून म्हणून आल्यापासून रोज बघत होते. त्यावर कुंडी ठेवलेली असते. मला वाटायचं, यांना शिवणाची आवड नाही.

फिल्म धुऊन यायला काही आठवडे लागले. तेवढ्या दिवसांत दोन्ही घरांत वरवर सगळं ठीक होतं, म्हणजे कोणी कोणाकडे जात नव्हतं. फिल्म आल्याचा आईचा फोन आला आणि अप्पा प्रोजेक्टर मांडीवर घेऊन तिच्याबरोबर रिक्षातून आमच्याकडे आले. दुपारी जेवणं झाल्यावर पडदे ओढले, समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. सासरे पुढच्या खुर्चीत बसले.

पहिलं अर्धं सुरू झालं. लेथ दिसत होता, माणूस दिसत होता, हात असावेत अशा जागी दोन फिकट पुंजके हलत होते. सगळ्यावर दुधाची साय धरल्यासारखी. खिडकीचा उजेड चौकट ओलांडून आत सांडला होता आणि वरच्या कोपऱ्यात एक पांढरी तिरकी रेघ होती, ती शेवटपर्यंत हलली नाही.

"हा ओरखडा," आई म्हणाली. "आणि हा खिडकीचा उजेड पसरलाय ना, ते तुमचं पॉलिश."

मग लेन्स बदलली ते दुसरं अर्धं आलं. सासऱ्यांच्या मनगटावरचे केस दिसत होते. नखाच्या कडेला रुतलेलं तेल दिसत होतं. लोखंडाची कुरळी चुरी त्यांच्या बोटाशेजारून वळून खाली पडत होती. इतके सुंदर हात माझ्या सासऱ्यांचे आहेत हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. ते स्वतःही खुर्चीत पुढे झुकले होते.

रीळ संपलं. भिंतीवर नुसता पांढरा चौकोन उरला.

"पहिलं रीळ जुनं असेल," सासरे म्हणाले.

"रीळ एकच आहे. अर्धं हे आणि अर्धं ते."

"मग फोकस..."

"फोकस मी मोजपट्टीने मोजून लावला होता. तुम्ही शेजारी उभे होतात."

सासरे खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या कॅमेऱ्याला ही लेन्स चालतच नाही म्हणा की."

"नाही चालत. न कापता चालत नव्हती आणि कापूनही चालत नाही. हे मी तुम्हाला कापायच्या आधी सांगितलं होतं, जेवणाच्या टेबलावर."

"ठीक आहे. मी तुम्हाला दुसरी आणून देतो. कुठूनही शोधून आणतो."

"मला दुसरी नको."

"मग काय पाहिजे तुम्हाला?"

"तुम्हाला माहीत आहे," आई म्हणाली.

सासऱ्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, साक्षीदार शोधावेत तसं. "अहो, मी काय तुमचं वाईट चिंतलं होतं का? बसत नव्हती, बसवून दिली. चार तास उभा होतो मी तिच्यासाठी. आता झालं ते झालं."

"आई," माझा नवरा माझ्या आईला म्हणाला, "बाबांचा हेतू तरी..."

आणि मग मी बोलले. मी बोलणार नव्हते. दोन्हीकडची होते, म्हणून इतके दिवस तोंड शिवून बसले होते. पण हेतू हा शब्द मी एवढ्या वेळा ऐकला होता की त्याचा मला वीट आला होता.

"हेतूचं काय करायचं तिने? कॅमेऱ्याला लावायचा?" मी म्हणाले. "बाबा, आईने तुमच्या लेथचा एखादा दाता कानशीने घासून आणला असता आणि म्हणाली असती की आता छान चालेल, तर तुम्ही तिला चहा पाजला असता का? ती वस्तू तिची आहे. तिला त्यातलं तुमच्यापेक्षा जास्त कळतं. तिने तुम्हाला थांबा म्हणून सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत, विचारलं नाहीत, आणि वर ग्रुपवर फोटो टाकलात. आणि इतके दिवस सगळे मिळून कोणाला समजावतोय आपण? तिला! तिने जाऊ द्यायचं! मी पण तेच म्हणाले तिला. का म्हणाले?"

माझा आवाज चढला होता. या घरात माझा आवाज तोपर्यंत चढला नव्हता. नवरा "अगं, अगं" करायला लागला. सासऱ्यांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "म्हणजे आता सुनेने मला शिकवायचं!"

तेवढ्यात सासूबाईंनी उठून पडदे सरकवले. एकदम उजेड आला आणि सगळे डोळे मिचकावायला लागले. त्या पडद्याची दोरी हातात धरून पाठमोऱ्याच म्हणाल्या, "ती खोटं नाही बोलत. तुम्ही विचारत नाही. मलाही कधी विचारलं नाहीत."

"तुला काय विचारायचं राहिलं?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. मग वळून म्हणाल्या, "माझं यंत्र होतं तसं करून द्या."

सासरे उठून शेडमध्ये निघून गेले. लेथ सुरू झाल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने बंद झाल्याचा. त्या दिवशी ते चहाला आत आले नाहीत.

त्यानंतर पुष्कळ दिवस घरात माझ्याशी कामापुरतं बोलणं चाललं. आपला अपमान झाला, असं सासऱ्यांनी धाकट्या भावाला सांगितलं. भावाने मला फोन करून नीट वागायला सांगितलं. मी म्हणाले, काका, ते इथेच शेडमध्ये आहेत, मी त्यांच्याशीच बोलते. तेव्हा ते गडबडले. नवऱ्याने एका सकाळी काही न बोलता ग्रुपवरच्या त्या फोटोवरचा आपला अंगठा काढून टाकला. मला तो आठवडाभराने दिसला. मी त्याला काही म्हणाले नाही, पण भाजीला फोडणी देताना गुणगुणत होते, असं तो म्हणतो.

पुढचं मला अप्पांनी सांगितलं. ते खोलीतच होते, वर्तमानपत्र तोंडापुढे धरून. पान उलटायची त्यांची हिंमत झाली नाही, म्हणून सगळं शब्दन् शब्द ऐकू आलं.

एका दुपारी सासरे एकटेच आईकडे गेले. आई टेबलाशी बसून बारीक ब्रशने लेन्सच्या कापलेल्या कडेला काळा रंग देत होती, चमक न येणारा. अशा कामाला श्वाससुद्धा रोखून धरावा लागतो. सासरे दारात उभे राहिले.

"येऊ का?"

"या."

ते आले, बसले. ब्रशकडे बघत राहिले. त्यांनी काहीतरी सुचवायला तोंड उघडलं, अप्पांना ते कागदाच्या वरून दिसलं, आणि मिटलं. मग म्हणाले, "चुकलं."

"काय चुकलं?" आईने ब्रश न थांबवता विचारलं.

अप्पा म्हणतात, त्यांना वाटलं की आता हा माणूस उठून जाणार. पण सासरे उठले नाहीत. "कापायला नको होती," ते म्हणाले.

"आणि?"

"आणि काय... विचारायला हवं होतं. वस्तू तुमची होती." मग जरा वैतागूनच म्हणाले, "तुमचंच ऐकायला हवं होतं. सांगितलं होतंत तुम्ही."

"हो," आई म्हणाली. "सांगितलं होतं."

एवढंच. असू दे, काही हरकत नाही, तुमच्या मनात वाईट नव्हतं, यातलं ती काही म्हणाली नाही. अप्पांनी चहाचं विचारलं. सासरे पाणी पिऊन निघाले. त्यांना जुन्या शिवणयंत्रांच्या दुकानात जायचं होतं, कारण पायडलचा पट्टा आता सहजासहजी मिळत नाही आणि जुनं पायडल त्यांनी केव्हाच भंगारात दिलं होतं.

त्या संध्याकाळी मी आईला फोन केला. म्हणाले, "ऐकलं मी. बरं वाटलं असेल ना तुला?"

"माफी मागितली, ते योग्य केलं," आई म्हणाली. "लेन्स काही बरी झाली नाही. कड काळी केली, उजेडाचं निम्मं काम झालं. ओरखडा आहे तिथेच आहे. प्रत्येक रिळात दिसणार. आणि प्रत्येक रिळाला माझं डोकं फिरणार, हे तुला आत्ताच सांगून ठेवते."

"फिरू दे," मी म्हणाले. "रविवारी येशील ना आमच्याकडे?"

"येईन. पण दुपारनंतर. सकाळी त्या कुलूपवाल्याच्या दुकानात ऊन आतपर्यंत येतं, त्याचे हात घ्यायचे राहिलेत."

मागून शब्दकोडं घेऊन बसलेल्या अप्पांचा आवाज आला, सहा अक्षरी शब्द, ज्याचा राग योग्य असतो तो. आई त्यांना म्हणाली, मला काय विचारता, आणि माझ्याशी कुलूपवाल्याबद्दल बोलायला लागली. चावी घासताना तो कानस कशी दोन बोटांत, पेन्सिलीसारखी धरतो ते सांगत होती.